स्प्रिंगफील्ड लेक्सच्या भटजीबाई

आमच्या ग्रुपमध्ये कुणाकडेही जेवण असो, पोळ्या संपून भाताची वेळ आली की कोणीतरी म्हणतंच, "मनीषा, ते लग्नाचं सांग ना!" मग मी सुरू करते. शिरीष मधे तोंड घालून दुरुस्त्या करतो, ऋतुजा म्हणते "असं काही झालंच नव्हतं," आणि केदार एखादा भलताच किस्सा बाहेर काढतो, जो मलाही नवीन असतो! एका लग्नाचे इतके किस्से कसे, असं लोक विचारतात. अहो, ज्या लग्नात भटजी म्हणून मी उभी राहते, तिथे किस्से झाले नसते तरच नवल.

आधी माणसं सांगते. मी ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. शिरीष माझा नवरा, आयटीत. ईरा आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. ऋतुजा आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची, वृद्धाश्रमात नर्स. केदार तिचा होणारा नवरा, मूळचा नाशिकचा, सिव्हिल इंजिनिअर.

दोघांचं लग्न २०२१च्या जुलैत ब्रिस्बेनच्या एका हॉलमध्ये ठरलं होतं. ऋतुजाची आई, म्हणजे आमच्या काकू, तेव्हा सिडनीला हॅरिस पार्कमध्ये मुलाकडे, निनादकडे होत्या. आदल्या वर्षी तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या त्या अडकल्याच. लग्न चार दिवसांवर आलं, सिडनीत कोविडच्या केसेस वाढल्या, आमच्या क्वीन्सलँडने बॉर्डर बंद केली. नवरीची आई, भाऊ, वहिनी आणि सिडनीहून येणारे भटजी, सगळे पलीकडे राहिले. हॉल कॅन्सल.

सप्टेंबरात काकूंना एकदाचं पुण्याचं तिकीट मिळालं, दिवाळीनंतरच्या आठवड्यातलं. थोरल्या मुलीचं बाळंतपण होतं, त्यामुळे जायला तर हवंच. परत कधी येता येईल, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ऋतुजा म्हणाली, "आई इथे असताना लग्न व्हायला हवं. ती पुण्याला गेली की मी कुणाच्या पाया पडू, झूमच्या?"

तोडगा केदारने काढला. कूलंगाटा आणि ट्वीड हेड्स ही जुळी गावं, मधल्या रस्त्याची एक बाजू क्वीन्सलँड, दुसरी न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनीचं राज्य. मधोमध कमरेएवढे केशरी प्लॅस्टिकचे बॅरिकेड लावलेले. नोव्हेंबरात सिडनीकरांना ट्वीडपर्यंत यायची परवानगी मिळणार होती. आपण पलीकडे गेलो तर परत येताना चौदा दिवस क्वारंटीन, आणि ऋतुजाला तेवढी रजा कोण देणार? पण बॅरिकेडच्या अलीकडे उभं राहून लग्न लावायला कोणाची हरकत? काकू पलीकडून बघतील.

राहता राहिले भटजी. ब्रिस्बेनमधल्या एका गुरुजींच्या तारखा डिसेंबरपर्यंत भरलेल्या. दुसऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोलिसांच्या समोर होम? मला व्हिसा रिन्यू करायचाय."

*

"मनीषा, तू लाव ना आमचं लग्न," ऋतुजा म्हणाली.

"मी? मला अथर्वशीर्ष पुस्तकात बघून म्हणतानाही घाम फुटतो!"

"पण तुझा आवाज खणखणीत आहे. आणि लोक तुझं ऐकतात."

हे खरं होतं. दाढ काढायला आलेल्या माणसाला खुर्चीपर्यंत नेणं हे माझं रोजचं काम.

केदारने सांगितलं की अमेरिकेतल्या एका वेबसाइटवर घरबसल्या पुरोहित होता येतं. ऑर्डेन्ड! जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नाव, पत्ता, ईमेल. परीक्षा नाही, मुलाखत नाही. माझ्या जिमच्या फॉर्मला यापेक्षा जास्त प्रश्न होते. शेवटी एक यादी आली, तुम्हाला कोणती पदवी हवी? रेव्हरंड, पास्टर, ब्रदर, गुरू आणि अजून पंधरावीस.

माउस ईराच्या हातात होता. "ममा, व्हॉट्स अ हाय प्रीस्टेस?"

"मुख्य पुजारीण असेल काहीतरी."

"कूल!" म्हणाली आणि क्लिक केलं.

दोन आठवड्यांनी सोनेरी कडांचं सर्टिफिकेट घरी आलं. शिरीषने ते दोनदा वाचलं. "म्हणजे आता मी तुला काय म्हणायचं?"

"आत्तापर्यंत मनातल्या मनात जे म्हणत होतास, तेच मोठ्यानं म्हण."

*

काकूंना ही बातमी सांगायचं धाडस कोणी करेना. शेवटी निनादने त्यांच्यासमोर फोन धरला आणि स्वतः पोळ्या लाटतो म्हणून आत पळाला. त्याला पोळ्या येत नाहीत.

काकूंनी माझी तिथल्या तिथे तोंडी परीक्षा घेतली.

"संकल्प कसा सोडतात गं?"

"पाण्यात."

काकूंचा चेहरा पडद्यावर थिजला. मला वाटलं व्हिडिओ अडकला.

"पाणी सोडतात, मनीषा. पाण्यात सोडायला संकल्प म्हणजे काय मासा आहे?"

त्यानंतर रोज संध्याकाळी सातला माझा क्लास. काकू शाळेत संस्कृत शिकवायच्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी छडी सुटली नव्हती. विसर्ग कुठे, अवग्रह कुठे. मी "स्वाहा" म्हटलं की त्या म्हणायच्या, "चहा मागतेयस का?"

मग मी दवाखान्यात सराव सुरू केला. मास्कचा एवढा एक फायदा, ओठ हललेले कोणाला दिसत नाहीत! एकदा वेटिंगमध्ये एक आजी दाढ धरून बसल्या होत्या. मी कॉम्प्युटरकडे बघत पुटपुटत होते. आजींनी इकडेतिकडे बघितलं आणि डॉक्टर बाहेर आल्यावर घाबरून विचारलं, "इज समबडी चँटिंग इन हिअर?"

डॉक्टरांनी कान देऊन ऐकलं. "नाही नाही, तो कॉम्प्रेसर आहे. सर्व्हिसिंगला आलाय."

*

सर्टिफिकेटबरोबर गाडीच्या आरशाला अडकवायचं एक कार्ड आलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'क्लर्जी', म्हणजे धर्मगुरू. शिरीषला त्याचा कोण आनंद! एका शनिवारी शॉपिंग सेंटरला पार्किंग मिळेना, तेव्हा त्याने दाराजवळ गाडी लावली आणि कार्ड आरशाला अडकवलं. मी म्हटलं, "अरे, पुजारी मी आहे." तो म्हणाला, "वेद तू म्हण, पार्किंग मी करतो."

मी भाजी घेऊन येईपर्यंत हा गाडीत बसून राहिला. तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थाने काचेवर टकटक केलं. शॉर्ट्स, सनहॅट, डोळे लाल.

"फादर, सॉरी टु बॉदर यू, मेट. एक मिनिट आहे का? माझी मॉली सकाळी गेली."

शिरीष गाडीतून उतरला. त्या गृहस्थाच्या युटमध्ये, म्हणजे मागून उघड्या पिकअप गाडीत, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली कुत्री होती. बायको गेल्यापासून तो आणि मॉली दोघंच होते म्हणे. आता ती बागेत पुरायची, त्यासाठी फावडं घ्यायला आला होता. "दोन शब्द बोलता का तिच्यासाठी?"

आता हा कसं सांगणार, की मी फादर नाही, आणि फादर जी आहे ती कोथिंबीर निवडतेय? शिरीषने टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले. आठवेल ते म्हणायचं ठरवलं आणि लहानपणी पाठ झालेला एकुलता एक श्लोक खणखणीत आवाजात म्हटला. सगळा, शेवटपर्यंत.

मी पोचले तेव्हा तो गृहस्थ शिरीषचा हात दोन्ही हातांत धरून रडत होता. "दॅट वॉज ब्यूटिफुल, मेट. मॉलीला आवडलं असतं."

घरी येताना शिरीष सरळ समोर बघत गाडी चालवत होता. घराजवळच्या तळ्याकडे वळल्यावर मी विचारलं, "कोणता म्हटलास?"

"जेवणाआधीचा."

*

आता गंभीर किस्सा. लग्नाला पाच आठवडे उरले होते. केदार इंजिनिअर माणूस, लग्नाचेही नियम बसून वाचले. एका संध्याकाळी आला तो पांढराफटक.

"मनीषा, तुझं सर्टिफिकेट इथे चालत नाही."

"म्हणजे?"

"ऑस्ट्रेलियात लग्न लावायला सरकारकडे नोंदलेला सेलिब्रंट लागतो. तू नोंदलेली नाहीस. आणि सेलिब्रंटकडे किमान एक महिना आधी नोटीस द्यावी लागते."

ऋतुजा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून बोटाने दिवस मोजायला लागली. मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून. तेहतीस. म्हणजे हाताशी तीन दिवस. तेही आजचा धरून! तिने आईला फोन लावला, "जेवलीस का?" विचारलं, आणि ठेवून दिला.

आम्ही चौघांनी यादी वाटून घेतली आणि फोन लावत सुटलो. बावीस सेलिब्रंटनी नाही म्हटलं. तुंबलेली लग्नं सगळ्यांकडेच. तेविसावी लॉरेन. तिला मी सगळं सांगितलं: बॉर्डर, काकू, बाळंतपण, आणि शेवटी चाचरत माझी हाय प्रीस्टेसची भानगड.

ती खो खो हसली. "डार्लिंग, महिन्यातून एक तरी तुझ्यासारखी येते. मागच्या वेळचा तर पोप होता."

"मग आता?"

"कायद्याची चार वाक्यं माझी आणि सह्या माझ्यासमोर. बाकी सगळा शो तुझा. पण फॉर्म उद्या दुपारपर्यंत हवा, आणि उद्या मी पूलवर असते. मी म्हाताऱ्यांना पाण्यात व्यायाम शिकवते."

दुसऱ्या दिवशी ऋतुजा दोन शिफ्टच्या मधे, युनिफॉर्मवर, पासपोर्ट घेऊन स्विमिंग पूलवर पोचली. केदार साइटवरून थेट, डोक्यावर हेल्मेट तसंच. पाण्यात पंधरा आजी-आजोबा हात वर करून उभे. लॉरेन काठाशी आली, कोपर टेकवून तिने दोघांची सही बघितली आणि ओल्या हातानेच खाली स्वतःची केली.

पाण्यातून एका आजोबांनी विचारलं, "लॉरेन, हात खाली घेऊ का?"

"अजून नाही, बॉब. इथे लग्न ठरतंय."

केदार म्हणतो, त्या फॉर्मला अजून क्लोरीनचा वास येतो.

*

लग्नाची रंगीत तालीम आम्ही तळ्याजवळच्या पार्कात घेतली. ऑस्ट्रेलियात वसंतात मॅगपाय पक्षी पिल्लांच्या काळजीने माणसांच्या डोक्यावर झडप घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या पार्कातल्या मॅगपायला नेमका नवरदेवच आवडला नाही. केदारने मुंडावळ्या बांधल्या की तो वरून यायचा, सोडल्या की जायचा!

चौथ्या झडपेनंतर केदारने सायकलचं हेल्मेट घातलं. त्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या उभ्या खोचलेल्या, पक्षी जवळ येऊ नये म्हणून.

"ऋतुजा, हेल्मेट आणि मुंडावळ्या, दोन्ही बसत नाहीत गं. काय काढू?"

"हेल्मेट राहू दे," ती म्हणाली. "लग्नानंतरही लागेल."

*

मुहूर्ताचं एक राहिलं. तुळशीचं लग्न लागायचं होतं, म्हणजे खरं तर लग्नाचे मुहूर्तच नव्हते. पण काकूंनी पुण्याच्या आपल्या गुरुजींकडून आपत्काळातला मुहूर्त काढून घेतला होता. दिवाळीनंतरचा रविवार, दहा वाजून बावन्न मिनिटं.

निनाद, वहिनी आणि काकू आदल्या दिवशी सिडनीहून निघून गाडीने ट्वीडला आले होते. रविवारी सकाळी आम्ही कूलंगाट्याला पोचलो. समुद्राजवळच्या चढावर बॅरिकेडची रांग. पलीकडे काकू पैठणी नेसून, हातात अक्षतांची वाटी घेऊन उभ्या. पाच महिन्यांनी मायलेकी समोरासमोर आल्या. मधे बॅरिकेड, आणि बॅरिकेडपाशी एक तरुण, लालबुंद चेहऱ्याचा कॉन्स्टेबल. आल्या आल्याच त्याने सांगून टाकलं होतं, "फोक्स, दीड मीटर अंतर. मिठ्या नाहीत. आज वरून तपासणी आहे, प्लीज मला अडचणीत आणू नका."

काकूंनी मान डोलावली आणि दोन पावलं मागे सरकल्या. ऋतुजाही सरकली. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहिल्या.

आम्ही चटई घातली, कलश मांडला. लॉरेनचा पत्ता नव्हता. एवढ्यात काकूंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि किंचाळल्या, "अगं, बावन्न झाले! मुहूर्त टळला!"

केदारने त्याचं घड्याळ बघितलं. "काकू, अजून एक तास आहे."

झालं होतं असं, की न्यू साउथ वेल्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि क्वीन्सलँडमध्ये करत नाहीत. रस्त्याच्या काकूंच्या बाजूला दहा बावन्न, आमच्या बाजूला नऊ बावन्न!

काकू विचारात पडल्या. "गुरुजींना मी सिडनीची वेळ सांगितली होती."

"पण नवरा-नवरी क्वीन्सलँडमध्ये आहेत," केदार म्हणाला.

काकूंनी शांतपणे घड्याळाचा काटा एक तास मागे फिरवला. "मग टळला तो यांच्याकडे," असं म्हणून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या मुलाकडे आणि सुनेकडे बोट दाखवलं. "आणि हे पुण्याला कळवायचं नाही."

*

तासाभरात लॉरेन आली, फुलाफुलांचा ड्रेस घालून. जाळ करायला परवानगी नव्हती, म्हणून अग्नी म्हणजे डास पळवायची बादलीतली मेणबत्ती. शिरीष आणि ईराने अंतरपाट धरला. मी मंगलाष्टकं सुरू केली. तिसऱ्या कडव्याला समुद्रावरून असा काही वारा आला, की ईराच्या हातातून टोक सुटलं, अंतरपाट शिडासारखा फुगला आणि बॅरिकेडवरून पलीकडे गेला! निनादने उडी मारून टोक पकडलं. आता एक टोक शिरीषच्या हातात क्वीन्सलँडमध्ये, दुसरं निनादच्या हातात न्यू साउथ वेल्समध्ये.

कॉन्स्टेबल जवळ आला. त्याने कापड निरखलं.

"ही वस्तू बॉर्डर ओलांडून गेलीये," तो म्हणाला.

मी मंगलाष्टक थांबवलं.

"आणि ती परत येणार आहे?"

"हो," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. "चौदा दिवसांनी, ना?" आणि पहिल्यांदाच हसला.

मी उरलेली कडवी म्हटली. पलीकडून काकू ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणत होत्या, आणि एके ठिकाणी मी विसर्ग खाल्ला तो त्यांनी तिकडून घातला. "सावधान" म्हटल्यावर दोन राज्यांतून अक्षता पडल्या. हार झाले, सप्तपदी झाली, लॉरेनने कायद्याची वाक्यं म्हणून घेतली, शिरीष आणि मी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. शिरीषच्या फोनवर नाशिकहून केदारचे आईवडील टाळ्या वाजवत होते.

*

नमस्काराची वेळ आली. ऋतुजा आणि केदार बॅरिकेडपासून दीड मीटरवर रस्त्यावरच वाकले. काकूंनी पलीकडून हात उचलला आणि हवेतच ठेवला, डोक्यावर ठेवावा तसा. बुधवारी त्यांचं विमान होतं.

"सुखी राहा," म्हणाल्या. मग "डबा गाडीत ठेवलाय, निनाद देईल," म्हणाल्या. मग लेकीकडे बघत म्हणाल्या, "बारीक झालीस."

ऋतुजा उठली नाही. तशीच वाकून राहिली.

काकूंनी कॉन्स्टेबलकडे बघितलं आणि सरळ मराठीत विचारलं, "बाळा, तुझी आई कुठे असते रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं.

"पर्थ," तो म्हणाला. "तेही बंदच आहे. दोन वर्षं होत आली." मग काकूंकडे बघत, "त्या कधी जाणार परत?"

"बुधवारी. इंडियाला."

त्याने रस्त्याच्या वरच्या टोकाला बघितलं, खालच्या टोकाला बघितलं. टोपी सारखी केली. मग आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"या दिवसांत इथून व्हेल दिसतात," तो समुद्राला म्हणाला. "सीझन संपत आलाय, पण एखादा दिसतो. मी बघतो."

मला काही कळायच्या आत काकू बॅरिकेडला भिडल्या होत्या. पैठणीचा पदर केशरी प्लॅस्टिकवर, दोन्ही हात लेकीच्या पाठीवर. ऋतुजाच्या डोक्यातला गजरा त्यांच्या चष्म्यात अडकला, तो कोणी सोडवला नाही. केदारने मान फिरवली. ईरा काहीतरी विचारणार होती, शिरीषने तिला जवळ घेतलं. लॉरेन पेपरांत तोंड घालून उगाचच पानं मोजत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. कॉन्स्टेबल मान न वळवता हळूच म्हणाला, "मॅम?"

"हो?" मी म्हटलं.

"झालं का त्यांचं?"

मी बघितलं. "नाही."

"बरं," तो म्हणाला. "मलाही अजून व्हेल दिसलेला नाही."